सात दिवस, सहा मित्र, ११० किलोमीटर: प्लॅन तिसऱ्या दिवसाकडे बघून करा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं, की तुम्ही सहा जण जुने मित्रमैत्रिणी, त्यातले चौघं रोज पळणारे किंवा जिमला जाणारे आणि दोघं दिवसभर खुर्चीत बसून काम करणारे, एक-दोन दिवसांचे ट्रेक सगळ्यांनी केलेत पण सलग आठवडाभर कोणीच चाललेलं नाही. आता ॲपवर एक रूट सापडलाय, ११० किलोमीटर, एकूण चढ साडेसहा हजार मीटर, सहा दिवस चालायचं आणि सातव्या दिवशी परत, टेंट आणि खाणं स्वतः वाहायचं, गाईड नाही. सुरुवात १५०० मीटरवर, मधली खिंड ३७०० मीटरवर. विचारलंय की दिवसाला १८ किलोमीटर जमतील का, तयारी काय करायची, ते दोघं मागे पडले तर काय, आणि सगळ्यात शेवटी हळूच एक ओळ टाकलीय की आमच्यात भांडणं होऊ नयेत म्हणून काही टिप्स द्या.

खरं सांगू का, ती हळूच टाकलेली ओळ हाच मुख्य प्रश्न आहे, बाकीचे सगळे त्याच्या पोटात येतात. एक दिवस १८ किलोमीटर चालायला सांगितलं तर तुमच्यातला प्रत्येक जण चालेल, त्याबद्दल मला काही शंका नाही. पण पाठीवर ओझं, आदल्या दोन दिवसांचे दुखरे पाय, जमिनीवर नीट न लागलेली झोप, आणि हे सगळं घेऊन सहा जणांनी एकाच वेळी एकाच ठिकाणी पोचायचं, हे जमेल का ते बघायचं. मी बरीच वर्षं ग्रुप घेऊन डोंगरात जाते आणि आठवड्याचा ट्रेक बिघडायचा असेल तर तो बहुतेक वेळा तिसऱ्या दिवशी बिघडतो. पहिल्या दिवशी उत्साहावर चालून होतं, दुसऱ्या दिवशी कालच्या फोटोंवर, तिसऱ्या दिवशी फोड, मांड्या, झोप, एकाचं घोरणं, दुसऱ्याचा सकाळी आवरायला लागणारा एक तास, सगळं एकदमच वर येतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून शरीर रुळतं आणि मग मजा यायला लागते. म्हणून मी कुठलाही मोठा ट्रेक आखताना आधी बघते की तिसऱ्या दिवशी आपला सगळ्यात हळू चालणारा माणूस कुठे असेल आणि कशा अवस्थेत असेल, आणि मग बाकीचे दिवस त्याच्या मागेपुढे लावते.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगून टाकते. तुम्ही डोंगररांग कुठली ते लिहिलेलं नाही, त्यामुळे वाट किती मळलेली आहे, मध्ये मुक्कामाच्या हट्स आहेत का, पाणी कुठे मिळतं, हे मला माहीत नाही. काही भागांत गाईडशिवाय जायला परवानगीच नसते, काही ठिकाणी ठराविक जागा सोडून टेंट लावता येत नाही, हे तिकिटं काढायच्या आधी त्या भागाच्या वन किंवा पर्यटन खात्याकडून लेखी कळेल असं बघा. आणि वाटेत हिमनदी किंवा कायमचा बर्फ ओलांडायचा असेल तर तुमच्या अनुभवावर, गाईडशिवाय, माझं उत्तर सरळ नाही असं आहे. तिथे प्रश्न फिटनेसचा नसतोच. खाली जे लिहितेय ते बर्फ नसलेल्या, पायवाटेच्या डोंगरासाठी.

आता किलोमीटर. डोंगरात किलोमीटर हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. युरोपातल्या आल्प्समधल्या मॉं ब्लां डोंगराभोवतीची प्रसिद्ध वाट घ्या, साधारण १७० किलोमीटर आणि १०,००० मीटर चढ, नेहमीची चालणारी माणसं ती दहा-अकरा दिवसांत करतात. त्याच डोंगराभोवती जवळपास तेवढ्याच अंतराची शर्यत २०२२ मध्ये किलियन जॉर्ने या डोंगरात पळणाऱ्या स्पॅनिश धावपटूने २० तासांच्या आत संपवली. अंतर तेच, डोंगर तोच. ॲप जेव्हा तुम्हाला सांगतं की हा स्टेज सहा तासांचा, तेव्हा ते कोणाचे सहा तास, हे त्यात लिहिलेलं नसतं.

त्यामुळे हिशोब स्वतः करा, सोपा आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक नियम मांडला होता, तो अजून सगळीकडे वापरतात: सपाटीला दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. पण यात विश्रांती धरलेली नाही, फोटो नाहीत, शू-शीला थांबणं नाही आणि धडधाकट माणूस धरलाय. तीव्र उतार असेल तर पुढे लोकांनी त्यात भर घातली, की दर ३०० मीटर तीव्र उताराला दहा मिनिटं वाढवा. मी ओझंवाल्या नवीन ग्रुपसाठी सरळ नेस्मिथच्या उत्तराला दीडने गुणते.

तुमचा सरासरी दिवस १८ किलोमीटर आणि साधारण १०८० मीटर चढ. नेस्मिथने साडेपाच तासांच्या आत येतो, दीडपट केला की आठ तास. जमण्यासारखा आहे, पण रोज सहा दिवस सलग आठ तास म्हणजे नवीन ग्रुपला भरपूर झालं. खरी गडबड तुमच्या दुसऱ्या दिवसात आहे. २४ किलोमीटर आणि १७०० मीटर चढ, आणि तुम्ही लिहिलंय की अवघड दिवस सुरुवातीलाच उरकून टाकू. त्याचे नेस्मिथने साडेसात तासांच्या वर होतात, दीडपट म्हणजे साडेअकरा. सकाळी सहाला निघालात तरी संध्याकाळी साडेपाच, तेही काहीच बिनसलं नाही तर. आणि बिनसतं. कोणाच्या तरी बुटाचा सोल निघतो, ओढ्याला पाणी जास्त असतं, वाट चुकून अर्धा तास जातो. मग सहा दमलेली माणसं अंधारात हेडलॅम्पवर टेंट लावतायत, भूक लागलीय, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडतो तो तिसरा दिवस. उरकून टाकायचा म्हणून ठेवलेला दिवस पुढचे चार खाऊन टाकतो.

हे असं का होतं ते समजून घेतलं की तयारी काय करायची तेही कळेल. चढताना धाप लागते म्हणून सगळे चढाला घाबरतात, पण स्नायूंची वाट लावतो तो उतार. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक मारायचं काम करतात, त्यात तंतूंना बारीक इजा होते, आणि ते दुखणं लगेच नाही, २४ ते ७२ तासांनी टिपेला जातं. पहिल्या-दुसऱ्या दिवशीचा उतार तिसऱ्या दिवशी बोलतो तो यामुळे. आणि म्हणूनच तुमचे ते चौघं रोज पळणारे फार निश्चिंत असू नयेत, सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर पळणाऱ्या माणसाची फुप्फुसं तयार असतात, उताराला मांड्या तयार असतीलच असं नाही. असा पळणारा गडी दुसऱ्या संध्याकाळी जिन्यावरून उतरल्यासारखा एकेक पाय आडवा टाकत उतरताना मी बऱ्याचदा पाहिलाय, आणि तेव्हा खुर्चीत बसणारी मंडळी गालातल्या गालात हसत असतात.

चांगली गोष्ट अशी की उताराचं दुखणं एकदा खाल्लेले स्नायू पुढचे काही आठवडे तेच काम बऱ्यापैकी सहन करतात. त्यामुळे निघायच्या आधीच्या दोन महिन्यांत आठवड्यातून दोनदा पाठीवर वजन घेऊन जिने किंवा टेकडी, आणि लक्ष उतरण्यावर. सुरुवात पाच किलोने, मग वाढवत ट्रेकला असेल तेवढ्यापर्यंत. शेवटचा जोरदार उताराचा सराव निघायच्या दहाएक दिवस आधी, त्यानंतर हलकं. आणि एकदा तरी सहाच्या सहा जणांनी सलग दोन दिवस, पूर्ण सॅक घेऊन, टेंटमध्ये राहून चालून या. यातला दुसरा दिवस महत्त्वाचा. एक दिवसाच्या ट्रेकवर कोणाचंच काही कळत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कोण कसं उठतं त्यावरून बरंच कळतं. बूटही त्याच वेळी कळतील. बूट अर्धा नंबर मोठे घ्या, चालून चालून पाय सुजतात आणि उताराला अंगठा पुढे आदळून नख काळं पडतं. फोड यायच्या आधी त्या जागी गरम लागतं, चुरचुरतं, तेव्हाच थांबून टेप लावायचा. पुढच्या थांब्याला बघू म्हटलं की झालंच. वॉकिंग पोल घ्यायचे तर दोन घ्या आणि सरावाच्या वेळीच हातात धरायला लागा.

आता चालण्याची पद्धत, कारण भांडणं इथे जन्माला येतात. कोणी न ठरवता सहा जण चालायला लागले की काय होतं बघा: पळणारे पुढे जातात, एखाद्या वळणावर थांबतात, पाणी पितात, गप्पा मारतात, वीस मिनिटं मस्त आराम होतो. मागचे दोघं धापा टाकत पोचतात, आणि ते पोचले रे पोचले की पुढचे उठून सॅक पाठीला लावतात, चला, खूप वेळ झाला थांबून. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नाही त्यांना तासाला वीस मिनिटं विश्रांती आणि ज्यांना गरज आहे त्यांना शून्य. दिवसभर ग्रुप रबरासारखा ताणला जातो आणि आकसतो, आणि संध्याकाळी पुढच्यांना वाटतं आम्ही दिवसभर यांची वाट बघितली, मागच्यांना वाटतं आम्हाला दिवसभर कोणी बसू दिलं नाही. दोघांचंही खरं असतं!

यावर उपाय म्हणजे विश्रांतीचं घड्याळ शेवटचा माणूस सॅक खाली ठेवतो तेव्हा चालू करायचं. एवढा एक नियम निघायच्या आधी सगळ्यांनी मान्य केला तरी निम्मं काम होतं. सर्वांत पुढे हळू पण सलग चालणारा माणूस, सर्वांत मागे अनुभवी आणि शांत डोक्याचा, ज्याच्याकडे फर्स्ट एड आहे आणि जो कोणालाही मागे टाकत नाही. पुढच्याचा वेग असा पाहिजे की चढावर चालता चालता सलग वाक्यं बोलता आली पाहिजेत, एकेक शब्द तुटक येत असेल तर वेग जास्त आहे. निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत एक छोटा थांबा, जॅकेट काढायला, नाड्या नीट करायला, मग साधारण तासाला एक. फाटा आला की सगळे जमेपर्यंत कोणी पुढे जायचं नाही, धुकं असो वा नसो. पळणाऱ्यांना कंटाळा येतो म्हणाल, तर त्यांना संध्याकाळी पाणी आणायला आणि बाजूच्या टेकाडावर चढून यायला मोकळं सोडा, वाटेवर नाही.

ओझ्याचंही तसंच. सगळ्यांनी सारखं वजन घ्यायचं हे ऐकायला न्याय्य वाटतं, पण ५२ किलोच्या माणसाला आणि ८० किलोच्या माणसाला सारखं १३ किलो म्हणजे सारखं नव्हे. शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागापर्यंत ठेवा असं साधारण म्हणतात आणि नवीन ग्रुपला ते बरोबर आहे. खाणं धरा दिवसाला माणशी साधारण ७०० ग्रॅम सुकं, चालताना ३००० ते ४००० कॅलरी लागतात आणि त्या सुक्या, दाट पदार्थांत तेवढ्या वजनात बसतात. सहा दिवसांचे झाले चार किलोच्या वर. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो. मग टेंट, स्लीपिंग बॅग, मॅट, गरम कपडे. ६० किलोच्या माणसाची १२ किलोची मर्यादा बघता बघता संपते. त्यामुळे दोन-दोन जणांचे तीन टेंट नेण्यापेक्षा तीन-तीन जणांचे दोन, स्टोव्ह मात्र दोन, कारण एक बिघडला तर सहा जण उपाशी. सामायिक वस्तू ताकदवानांकडे, आणि खाण्याच्या पिशव्या दिवसवार बांधून हळू चालणाऱ्याकडची आधी संपवायची, म्हणजे तिसऱ्या दिवसापर्यंत त्याची सॅक सगळ्यात हलकी झालेली असेल. एक आडवी सूचना, गॅस कॅनिस्टर विमानात चालत नाही, ना हातातल्या बॅगेत ना चेक-इनमध्ये, ते पोचल्यावर मिळतायत का बघून ठेवा, नाहीतर पहिला दिवस त्यातच जाईल.

तुमच्यात मुली आहेत असं लिहिलंय म्हणून सांगते, आडोसा मिळत नाही म्हणून पाणीच कमी प्यायचं हे फार जणी करतात आणि कोणाला सांगत नाहीत, मग दुपारी डोकं दुखतं. दर थांब्याला आधी मुली मागे जातील, बाकीचे पुढे बघतील, असं पहिल्याच दिवशी न लाजता ठरवून टाका.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट आता. डोंगरात चिडचिड हे बऱ्याच वेळा लक्षण असतं, आणि ओळखीच्या ग्रुपमध्ये ते नेमकं स्वभाव म्हणून सोडून दिलं जातं. तो असाच आहे, भूक लागली की तिरसटतो. अंगातली उष्णता कमी व्हायला लागली की माणूस आधी कुरकुरतो, मग हातातून वस्तू पडायला लागतात, चेन लावता येत नाही, अडखळतो, बोलणं जड होतं. त्यासाठी बर्फ लागत नाही, भिजलेले कपडे, वारा आणि रिकामं पोट पुरतं. १५०० मीटरवरून ३७०० वर गेलात की नुसत्या उंचीनेच साधारण १४ अंशांनी थंड होतं, दर हजार मीटरला साडेसहा अंश धरतात, आणि खिंडीतला वारा वेगळाच. अशा माणसाला समजवायचं नाही, आधी वाऱ्यापासून आडोसा, ओले कपडे काढून कोरडे, टोपी, स्लीपिंग बॅग, खाली मॅट, आणि शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर गोड गरम काहीतरी.

उंचीवर होणाऱ्या त्रासाचंही तसंच. खिंडीच्या अलीकडचा तुमचा मुक्काम ३३०० ला आहे आणि त्याच्या आदल्या रात्री २४०० ला. एका दिवसात झोपायची जागा ९०० मीटर वर, ही उडी मला आवडली नाही. ३००० च्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं असा सर्वमान्य सल्ला आहे, आणि तिथपर्यंत पोचतानाही टप्प्याटप्प्याने गेलेलं बरं. मध्ये २९०० च्या आसपास एक रात्र काढता येते का बघा. डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा गळून गेल्यासारखं वाटतंय तर आणखी वर जायचं नाही, एवढं साधं. आराम करूनही वाढत गेलं तर खाली. आणि सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकून चालता येत नाही, बोलण्यात गोंधळ आहे, किंवा बसल्या जागी धाप लागतेय, तर त्याच वेळी, रात्र असली तरी, सोबत माणूस देऊन खाली. फिट माणसाला हे होत नाही हा गैरसमज आहे, उलट फिट माणूस भराभर वर जातो आणि सांगत नाही. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्ससारख्या गोळ्यांबद्दल निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा, एकमेकांच्या डबीतून घेऊ नका.

सांगत नाही, हा शब्द मी मुद्दाम वापरला. मित्रांच्या ग्रुपचा धोका तोच असतो. माझ्यामुळे सगळ्यांचा ट्रेक बिघडेल म्हणून माणूस गप्प राहतो. मॅकॅमन नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९७२ ते २००३ मधल्या ७१५ हिमस्खलन अपघातांची माहिती तपासली होती, त्यात दिसलं की धोक्याच्या खुणा समोर असूनही लोक पुढे गेले, ओळखीची जागा आहे म्हणून, ठरलेलं आहे म्हणून, बाकीचेही जातायत म्हणून. तुमच्या वाटेवर हिमस्खलन नसेल, पण या तीन कारणांवर कुठल्याही डोंगरात निर्णय चुकतात. म्हणून काही निर्णय घरी बसून, पोट भरलेलं असताना घेऊन टाका. माझ्या ग्रुपमध्ये तीन ठरलेले असतात. एक, खिंडीत किंवा माथ्यावर अमुक वाजेपर्यंत पोचलो नाही तर जिथे असू तिथून परत, चर्चा नाही. दोन, सहांपैकी एकानेही मला हे नको म्हटलं तर तो सोपा पर्याय सगळ्यांचा, आणि त्याला कारण विचारायचं नाही, नंतर चिडवायचंही नाही. तीन, एक लीडर, निवडलेला, आणि चालतानाचा शेवटचा शब्द त्याचा, वाद घालायचा तर संध्याकाळी टेंटमध्ये. लीडर तुमच्यातला सगळ्यात फिट असायची गरज नाही, बऱ्याचदा नसलेलाच बरा.

या सगळ्यावरून तुमचा प्लॅन मी असा फिरवला असता. अंतर ८५ किलोमीटरच्या आसपास आणा, शेवटचा तो जादाचा वळसा काढून टाका, तुम्हीच लिहिलंय की तो फक्त आकडा शंभरच्या वर जावा म्हणून घेतलाय. पहिला दिवस चार-पाच तासांचाच. तो २४ किलोमीटरचा दिवस मोडून दुसऱ्या आणि तिसऱ्यात वाटा, आणि तिसरा मुद्दाम लहान ठेवा, दुपारी दोनपर्यंत मुक्कामी, कपडे वाळवा, पाय हवेत ठेवा, झोपा. चौथ्या दिवशी खिंडीच्या अलीकडच्या मुक्कामाला, पाचव्याला पहाटे निघून खिंड. सहावा दिवस राखीव. हवा बिघडली, कोणाला थांबावं लागलं, तर तो तिथे वापरायचा, आणि काहीच झालं नाही तर दोन दिवसांचा उतार रमतगमत करा. सातव्या दिवशी खाली, आणि परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढू नका. परतीच्या तिकिटामुळे डोंगरात जितके वेडे निर्णय घेतले जातात तितके हट्टापायीही घेतले जात नसतील. शिवाय प्रत्येक मुक्कामाजवळून गाडीरस्त्यावर उतरणारी वाट नकाशावर आधीच रंगवून ठेवा. ते दोघं मागे पडले तर काय, याचं उत्तर तेच आहे, तिसऱ्या मुक्कामावरून उतरायची सोय असेल आणि ते आधीच सगळ्यांनी मान्य केलेलं असेल तर उतरणाऱ्याला अपराधी वाटत नाही. मात्र उतरायचं तर दोघांनी, एकट्याने कोणी नाही. सहा जणांचा ग्रुप त्यासाठी चांगला आकडा आहे, दोन गेले तरी चार उरतात, आणि चार असले की एक जखमी, एक त्याच्याजवळ, दोघं मदत आणायला, एवढं भागतं.

बाकीचं भराभर. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग जमून विजा होतात, त्यामुळे धार आणि खिंड दुपारच्या आत मागे टाकलेली बरी. बर्फ वितळून येणारा ओढा सकाळी उतरलेला असतो आणि दुपारी चढलेला, ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, आणि पाणी गुडघ्याच्या वर जोरात असेल तर वाट बघा किंवा मागे फिरा. पाणी उकळायचं तर २००० मीटरच्या वर खळखळ उकळी आल्यावर तीन मिनिटं, क्लोरीनच्या गोळ्या बहुतेक जंतूंवर चालतात पण सगळ्यांवर नाही. शौचाला पाण्यापासून साठेक मीटर लांब आणि वीतभर खड्डा. फोन फ्लाइट मोडवर, रात्री स्लीपिंग बॅगच्या आत, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, आणि नकाशा कागदावरही पाहिजे. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात. मदतीची खूण १८९४ पासून चालत आलेली आहे, एका मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा टॉर्च, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा, समोरून मिनिटाला तीन आल्या की तुमचं ऐकू गेलंय. अमेरिकेकडे सहाऐवजी तीनची पद्धत आहे. घरी एका माणसाकडे रोजचा मुक्काम लिहिलेला कागद आणि अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं ते. विम्यात तुमच्या उंचीपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टर धरलेलं आहे का ते वाचून घ्या, बऱ्याच साध्या पॉलिसींत नसतं.

पैशांचं विचारलं नाहीत पण सांगते, सामायिक खर्चाचे पैसे निघायच्या आधी एकाकडे सारखे जमा करा आणि उरलेले परत आल्यावर वाटा. मुक्कामी बसून कोणी किती दिले याचा हिशोब काढायला लागलात की तिसऱ्या दिवसाला अजून एक विषय मिळतो.

त्या खुर्चीवाल्या दोघांनी यावं की नाही असंही विचारलंय. ते तुम्ही आधी ठरवू शकत नाही, तो दोन दिवसांचा सरावाचा ट्रेक सांगेल, आणि तो करून आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनाच विचारा. पळणाऱ्यांपैकी कोणी त्या दोन दिवसांत सारखं पुढे निघून जात असेल आणि बोलावून थांबत नसेल, तर मला त्याची काळजी या दोघांपेक्षा जास्त वाटते. डोंगररांगेचं नाव, महिना आणि रोजच्या मुक्कामाची उंची टाकलीत तर अजून नेमकं सांगता येईल, २९०० च्या आसपास पाणी असलेली सपाट जागा आहे का ते आधी बघा, त्यावर चौथा-पाचवा दिवस ठरणार आहे.